सीपीयूवरचा कांदा

चैत्र सरत आला की लोकांना कैऱ्या आठवतात. मला पंख्याचा आवाज आठवतो. कॉम्प्युटरच्या पोटात तळहाताएवढा एक पंखा असतो. हिवाळ्यात तो आहे की नाही तेही कळत नाही. मग एप्रिलमधल्या एखाद्या दुपारी त्याचा सूर चढतो, लांब कुणाच्या तरी शेतात मळणीयंत्र सुरू झाल्यासारखा, आणि माझा माउसवरचा हात जागच्या जागी थांबतो. आज थांबला. खुर्ची मागं सरकली. बाहेरच्या खोलीतून ह्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, उन्हाळा आला," आणि पेचकस शोधायला उठले.

मी जात्याच भित्री. विजेला भिते, सापाला भिते, फोन अवेळी वाजला तर भिते. माहेरी मला भित्री भागूबाईच म्हणायचे. पण कॉम्प्युटरच्या एवढ्याशा पंख्याला भिणारी बाई साऱ्या ताडकळस गावात मी एकटीच असेन. या भीतीला एक उन्हाळा कारण आहे. त्याला आता पाच-सहा वर्षं झाली, तरी उन्हं तापायला लागली की तो परत माझ्या अंगावर येतो.

आमचा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. आमचे हे कॅमेरा घेऊन लग्नाला जातात, मी घरी बसून मिक्सिंग करते. बारावीनंतर परभणीला दोन महिन्यांचा क्लास केला होता, तो असा कामी आला. मिक्सिंग म्हणजे काय, तर ह्यांनी सहा-सात तास जे टिपलेलं असतं त्यातलं चांगलं ठेवायचं, बाकीचं उडवायचं, आणि जे ठेवलं त्याच्यावर गाणी चढवायची. मूळ आवाज आम्ही ठेवतच नाही. मांडवातला आवाज म्हणजे बँड, भांडी, पोरांची रडारड, 'वाढा हो' नि 'सरका हो'. गिऱ्हाइकाला तो नको असतो. त्यामुळं नवरीची आई लेकीच्या गळ्यात पडून काय बोलली ते आमच्या एकाही पिक्चरमध्ये ऐकू येत नाही, तिथं सनई वाजते. इतकी वर्षं मी माणसांची हलती तोंडं बघितली आणि त्यांचे आवाज पुसले. त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

आणि हे सगळं उन्हाळ्यात. रब्बी निघालेली असते, ऊसतोडीला गेलेली माणसं गावी परतलेली असतात, सगळ्यांच्या हाताला जरा सवड असते, म्हणून लग्नंही तेव्हाच. ज्या दुपारी गल्लीतलं कुत्रं ओल्या नालीतून हलत नाही, त्या दुपारी माझ्या कॉम्प्युटरला वर्षातलं सगळ्यात जड काम असतं. सगळे तुकडे आणि गाणी एकजीव होऊन पिक्चर तयार व्हायला चार-चार तास लागतात, आणि तेवढा वेळ प्रोसेसरला दम खाता येत नाही. प्रोसेसर म्हणजे आतली मुख्य चकती, बिस्किटाहून लहान. सगळं गणित तीच करते आणि तापतेही तीच. आम्ही मात्र त्या अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणायचो. अजूनही म्हणतो.

त्या साली कापूस घरात होता. आमच्याकडं भाव पडलेला असला की कापूस विकत नाहीत, घरात भरून ठेवतात आणि वाट बघतात. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या शब्दापुढं घरात कुणी जात नाही. त्या म्हणाल्या, "आताच न्हाई इकायचा. आतल्या खोलीत ठिवा." आतली खोली म्हणजे माझी मिक्सिंगची खोली, कारण चांगल्या कडीकुलपाची तेवढीच. दिवाळीनंतर तिथं फरशीपासून खिडकीच्या वरपर्यंत कापूस रचला गेला. कोपऱ्यात माझं टेबल, खुर्ची आणि कॉम्प्युटर राहिला. थंडीत मला ते आवडलंही. खोली उबदार असायची. माझी तीन वर्षांची लेक दुपारी त्या कापसावर पडल्या पडल्या झोपी जायची. फेब्रुवारीनंतर अंगाला खाज सुटायला लागली, तिच्या मानेवर पुरळ उठलं, तरी कापूस हलला नाही. घरात कापूस असला की खाज येतेच, त्याचं कुणाला काही वाटत नाही. मे उजाडला तरी मी त्या पांढऱ्या ढिगाला पाठ लावून लग्नं कापत बसलेली होते.

मारोतीरावांच्या पूजाचं लग्न त्याच मे महिन्यातलं. इथून सात-आठ किलोमीटरवर त्यांचं खेडं. नवरा-बायको दोघं दसऱ्यानंतर टोळीबरोबर ऊस तोडायला जायचे, ते होळी झाल्यावर परतायचे. पूजा मामाकडं राहून शिकलेली. शूटिंग ठरवायला मारोतीराव स्वतः आले होते. मी त्यांना तेवढं एकदाच बघितलं. अंगणात उभे राहिले, पाणी प्यायले, म्हणाले, "पोरगी एकच हाय. समदं बारीक-सारीक घ्या." बस, एवढंच. पुढं मी त्यांचा चेहरा आठवायचा लय प्रयत्न केला. खांद्यावरचा रुमाल, ती निळ्या काठाची दस्ती आठवायची, तांब्या धरलेला हात आठवायचा, चेहरा काही केल्या येत नव्हता.

लग्न लागलं. संध्याकाळी हे घरी आले, कॅमेऱ्याच्या कार्डातलं सगळं मी कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतलं आणि कार्ड पुसून ह्यांच्या हातात दिलं, कारण दुसऱ्या दिवशी दुसरं लग्न. आमची रीतच ती. दोन कार्डं होती आणि महिन्यात वीस लग्नं होती. म्हणजे त्या संध्याकाळनंतर पूजाचं लग्न जगात एकाच ठिकाणी उरलं होतं, माझ्या टेबलाखालच्या त्या डब्यात. तेव्हा हे मनातसुद्धा आलं नाही.

चौथ्या दिवशी पिक्चर निम्मं तयार झालं आणि पडदा काळा झाला. लाइट होती, कूलर फिरत होता, कॉम्प्युटर तेवढा गप्प. मी बटण दाबलं, तो उठला, परत कामाला लावला, पावभर काम करून परत पडला. तिसऱ्यांदा तर दहा मिनिटंही टिकला नाही. हात लावून बघितलं तर डब्याचा पत्रा तव्यासारखा. कॉम्प्युटर गेला तर एक गोष्ट, पण त्याच्या आत सात-आठ घरांची लग्नं होती. ती परत कोण लावणार?

मग आमचे उपचार सुरू झाले. ह्यांनी कूलर ओढून डब्याच्या अगदी तोंडाशी आणला. माणसाला गार वाटतं म्हणजे यंत्रालाही वाटणार, एवढं साधं आमचं शास्त्र. बोअरचं खारट पाणी, त्याचे बारीक तुषार उडायचे, दोन दिवसांत डब्यावर पांढरी पुटं चढली. तरी तो पडायचाच. आत्याबाई दाराशी उभ्या राहून बघायच्या. "मशीन हाय का माणूस, रोज ताप यायलाय त्याला," म्हणायच्या. एकदा त्यांनी माठाला गुंडाळतात तसं ओलं पोतं आणून डब्यावर टाकलं. ते मी घाईघाईनं काढलं, तर रुसल्या. दुसऱ्या दिवशी बघते, डब्यावर मधोमध एक कांदा ठेवलेला. ऊन लागू नये म्हणून शेतात जाताना खिशात ठेवतात तसला, सोललेला नाही, साधा लाल कांदा. मला हसू आलं. ह्यांनाही आलं. चेष्टा म्हणून आम्ही तो तसाच राहू दिला, आणि खरं सांगायचं तर मनातून मलाही वाटलं, राहू दे, काय जातंय. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातली आमची गत होती, पण तेव्हा हे कळत नव्हतं.

फोन आला तो दुपारी. "ताई, मी पूजा बोलायलेय." गाणी सांगायला आधी तिनंच फोन केला होता, पण आता आवाज तिचा वाटेना. मला वाटलं, पिक्चर कधी देता म्हणून विचारेल, म्हणून मी आधीच सबबी जुळवायला लागले. ती मधेच म्हणाली, "बापू गेले."

त्याला आठवडा झाला होता. लग्नाच्या नवव्या दिवशी मारोतीराव हळद वाळवायच्या कामावर गेले होते. दिवसभर उघड्या खळ्यावर हळद पसरायची, वर-खाली करायची. दुपारी घरी आले, डोकं जड झालंय म्हणाले, लिंबाखाली आडवे झाले. चहा झाला म्हणून गयाबाई, त्यांची बायको, उठवायला गेली तर अंगाला हात लाववेना इतकं तापलेलं. दवाखान्यात न्यायला जीप येईपर्यंत सगळं संपलं होतं. ऊन लागलं, डॉक्टर म्हणाले. पूजा हे सगळं सपाट आवाजात सांगत होती, पाठ केलेलं म्हणावं तसं. मग म्हणाली, "खिशात कांदा व्हता त्यांच्या."

मी आतल्या खोलीच्या दाराकडं बघितलं.

"ताई, त्यांचा फोटो म्हणजे आधारकार्डावरचा. तोबी ओळखू येत न्हाई. माय म्हणायलीय, शूटिंगमधी ते चालते-बोलते असतेल. तेवढं पुसू नका."

"न्हाई पुसत," मी म्हटलं.

फोन ठेवून मी आतल्या खोलीत गेले आणि आधी तो कांदा उचलला. टाकावा कुठं तेही सुचेना, शेवटी परसात नेऊन मातीत पुरला. मग परत येऊन दाराच्या चौकटीत उभी राहिले. टेबलाखाली तो डबा, पांढऱ्या पुटांनी माखलेला, दहा मिनिटंही उभा न राहू शकणारा, आणि त्याच्या आत मारोतीराव. त्या दिवसापासून तीन दिवस मी कॉम्प्युटरला हात लावला नाही. चालू केला आणि यावेळी उठलाच नाही तर? ती भीती इतकी होती की मी त्या खोलीचं दारच लावून घेतलं. लेकीला आत जाऊ देत नव्हते. जेवण जात नव्हतं. ह्यांना लग्नांवर लग्नं, ते घरी यायचे ते झोपायलाच. भूत असतं की नसतं मला माहीत नाही, पण कुणी त्या तीन दिवसांत विचारलं असतं तर मी त्या बंद दाराकडं बोट दाखवलं असतं.

आज कॉम्प्युटर नवा आहे, खोली मोकळी आहे. डब्याची एक बाजू उघडून मी फरशीवर मांडी घालून बसलेय. हातात रंगाचा मऊ ब्रश. लेक आता आठ वर्षांची झाली. जाता जाता म्हणाली, "मम्मी, ऑपरेशन करायलीस का?" मी म्हटलं, हो, तू लांब हो. पंख्याला बोटानं धरायचं, म्हणजे तो गरगर फिरत नाही, आणि मग पातळ पट्ट्यांच्या फटींतून धूळ हळूहळू ओढायची. तोंडानं फुंकर मारायची नाही, थुंकीचा ओलावा जातो. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणे, माझं तर फुंकणंही बंद झालं. हे सगळं मला शिकवलं रफीकभाईंनी.

रफीकभाई परभणीला कॉम्प्युटर दुरुस्त करतात. त्या उन्हाळ्यात, मी दार लावून घेतल्याच्या चौथ्या दिवशी ह्यांनी त्यांना फोन केला आणि पूर्णेला जाता जाता ते मोटारसायकलनं आमच्याकडं उतरले. खोलीत पाऊल टाकलं आणि तिथंच थांबले. कापसाकडं बघितलं, कॉम्प्युटरकडं बघितलं. खाली बसून डबा उघडला, टॉर्च मारली आणि मला जवळ बोलावलं. "भाबी, या. बघा. आत तर गादी भरून ठिवलीय तुमी."

प्रोसेसरच्या डोक्यावर पातळ पट्ट्यांची एक जाळी असते आणि जाळीवर तो पंखा. प्रोसेसरची आग जाळीत चढते, पंखा ती उडवून लावतो. आमच्या जाळीची एकही फट दिसत नव्हती. सहा महिने हवेतले कापसाचे तंतू पंख्यानं ओढून ओढून आत भरले होते, आणि वरून आमच्या कूलरच्या ओल्या खारट वाऱ्यानं ते थापून घट्ट केले होते. रफीकभाईंनी चिमट्यानं धरून ओढलं तर आख्खा एक चौकोन निघाला, जाड, करडा, घोंगडीच्या तुकड्यासारखा. तो त्यांनी माझ्या हातावर ठेवला. खालची बाजू पिवळी पडून तांबूस झाली होती, इस्त्री जास्त वेळ ठेवली की कापडाची होते तशी.

"जळायच्या बेतात व्हता," रफीकभाई म्हणाले. मग मागच्या ढिगाकडं मान हलवून हळू आवाजात म्हणाले, "आन् मागं हे. ढिगातला कापूस लगेच भडकत न्हाई भाबी, आतल्या आत धुमसतो. कळतच न्हाई. इथं कोण झोपतं का?"

मी लेकीकडं बघितलं. ती दारात उभी होती, मानेवर ते लाल पुरळ. मी तिथंच खाली बसले. लेक रोज दुपारी त्या ढिगावर झोपत होती आणि मी दोन हात अंतरावर बसून लग्नाच्या फुलांचे रंग जुळवत होते. रफीकभाईंनी पाणी मागितलं, मला वाटतं मलाच द्यावं म्हणून. ही माझी सगळ्यात मोठी भीती, आणि ती घडून न गेल्यामुळं तिचा कधी शेवटच झाला नाही. अजूनही कधी लेक दुपारी शांत झोपली असली की मी उठून तिच्या नाकापाशी हात धरून येते.

आत्याबाईंनी हे सगळं ओट्यावरून ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात टेम्पो उभा. भाव काय चाललाय हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही. सगळा कापूस निघून गेल्यावर झाडू घेऊन ती खोली त्यांनी स्वतः दोनदा झाडली, कोपऱ्याकोपऱ्यातून तंतू वेचले, आणि नातीला मांडीवर घेऊन बराच वेळ ओट्यावर बसून राहिल्या.

रफीकभाईंनी जाळी साफ केली, प्रोसेसरवर ज्वारीच्या दाण्याएवढी करडी पेस्ट लावली, पण पंखा गेलेला होता. इतके महिने कापसाशी झगडून त्याची चाल मंदावली होती. नवा तीन-चार दिवसांनी येणार होता. तोवर त्यांनी डब्याची बाजू उघडीच ठेवायला सांगितली आणि शेजारी टेबलफॅन लावायला सांगितला, कोरडा वारा. पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसरचा ताप दिसेल असा आकडा बसवून दिला. म्हणाले, "नव्वदच्या वर जाऊ देऊ नका. शंभरला ते आपोआप बंद पडतं. पडलं तर प्रोसेसरला काही होत न्हाई, पण धाडकन बंद पडून पडून तुमची हार्डडिस्क आता टकटक करायलीय. एखाद्या बारीला उठायची न्हाई. मग आतलं माझ्याच्यानं बी निघायचं न्हाई." जाताना परत वळून म्हणाले, "नव्वद. ध्यानात ठिवा."

आमच्याकडं नांगरटीवाले मे महिन्यात पहाटे लागतात आणि नऊला सोडतात. मीही तसंच केलं. पाचला उठायचं, सडा घालायच्या आधी कॉम्प्युटर लावायचा, आणि ह्यांनी नव्यानं आणलेल्या, बाहेरून जोडायच्या मोठ्या डिस्कवर एकेक लग्न उतरवून घ्यायचं. हार्डडिस्कची टकटक ऐकत, पडद्यावरच्या आकड्यावर डोळे लावून. पन्नास, पंचावन्न. उन्हं भिंतीवर आली की साठ. साठ झाले की माझा जीव टांगणीला. सातला बंद. तिसऱ्या सकाळी पूजाच्या लग्नातलं निवडलेलं सगळं उतरलं, तेव्हा कुठं मी पोटभर चहा प्याले. राहिलं होतं ते फक्त 'फालतू'. उडवायचे तुकडे मी त्या नावाच्या कप्प्यात टाकते: हललेले, अंधारे, चुकून चालू राहिलेले. ते कुणी उतरवून घेतं का?

त्याच दिवशी, तेरावं उरकून, पूजा आणि गयाबाई आल्या. बाजाराचा दिवस, जीप भेटली ती बाराला, म्हणजे आल्या त्या ऐन कडाक्यात. पिक्चर बघायचंय म्हणाल्या. नवा पंखा यायला अजून एक दिवस होता. उद्या या, असं तोंडावर आलं होतं, पण गयाबाईंच्या मोकळ्या कपाळाकडं बघितलं आणि शब्द गिळला. कॉम्प्युटर लावला. टेबलफॅन डब्याच्या उघड्या अंगाला, कूलर खोलीच्या दारात, दोन्ही पूर्ण जोरात. आकडा सत्तरवर.

मारोतीराव होते. कन्यादानाला होते, मान खाली, फेटा भुवयांपर्यंत, अर्धं तोंड मामाच्या आड. पंगतीत वाढताना होते, पाठमोरे. गयाबाई बघत राहिल्या, पदराचं टोक तोंडात धरून. मग म्हणाल्या, "बोललेलं न्हाई का कुठं?"

मी एकेक तुकडा आवाज चढवून लावला. बँड. मंगलाष्टका. बँड. आवाज कुणाचाच वेगळा निघेना. आकडा शहात्तर. मला एकदम फालतूची आठवण झाली. तो कप्पा उघडला, आणि उघडतानाच कळलं की हे उतरवलेलं नाही, हे एवढंच आहे आणि इथंच आहे. एक तुकडा अकरा मिनिटांचा होता. जेवणाच्या वेळी ह्यांनी कॅमेरा खुर्चीवर ठेवलेला, चालूच राहिलेला. पहिल्यांदा मांडवाचं कापड दिसलं, मग खुर्चीचा पाय, मग निळ्या काठाची दस्ती हवेत उलगडली आणि सगळा पडदा काळा झाला. मी तो काळा म्हणूनच फालतूत टाकला होता. काळ्यात कुणीतरी काहीतरी बोलत होतं. टेबलफॅनच्या आणि कूलरच्या घरघरीत ते ऐकू येईना.

"हे बंद करा की," गयाबाई म्हणाल्या. "वारं बंद करा. ऐकू द्या."

मी पूजाकडं बघितलं. वारं बंद केलं तर काय होईल ते तिला काय माहीत. आधी उतरवून घ्यावं, मग लावावं, हे मला कळत होतं. पण गयाबाईंनी माझं मनगट धरलं होतं. मी कूलर बंद केला. मग टेबलफॅन बंद केला. खोली एकदम सुन्न झाली. हार्डडिस्कची टकटक तेवढी उरली. मी तुकडा पहिल्यापासून लावला.

"ओ शूटिंगवाले, आधी पाणी प्या. ऊन लय हाय." काळ्या पडद्यातून आवाज आला, इतका जवळून की पूजा दचकली. "थांबा, याच्यावर दस्ती टाकतो. तापला असंल तुमचा कॅमेरा." मग भांड्यांचा आवाज, कुणीतरी हसलं. मग तोच आवाज, जरा लांबून: "पूजाची माय, दोन घास खाऊन घी. सकाळधरनं उपाशी हायस." आणि बाईचा आवाज, "तुमी खाल्लं का?" "खातो की. पाव्हणे उठू दी."

आकडा चौऱ्याऐंशी.

"परत लावा," गयाबाई म्हणाल्या.

परत लावलं. पाणी प्या. ऊन लय हाय. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. सत्याऐंशी. मला त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, मी नुसती आकड्याकडं बघत होते आणि मनात म्हणत होते, पडू नको, बाबा, पडू नको, एवढं एकदा पडू नको. तुमी खाल्लं का, असं पडद्यातली गयाबाई म्हणाली, आणि माझ्याजवळ बसलेल्या गयाबाईंचे ओठ तसेच हलले.

"अजून एक बारी."

नव्वद. एक्क्याण्णव. डब्यातून गरम पत्र्याचा वास यायला लागला. माझं बोट टेबलफॅनच्या बटणावर होतं आणि दाबवत नव्हतं. पाव्हणे उठू दी. त्र्याण्णव. तुकडा पुढं चालूच होता, त्यात आता नुसती पंगत होती, वाढणाऱ्यांची हाकाहाक होती. गयाबाई ऐकतच होत्या. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि माझं मनगट सोडलं.

"बास," म्हणाल्या. "पंखा लावा आता. तापलं असंल ते."

मी बटण दाबलं. गयाबाई डब्याच्या आणि टेबलफॅनच्या मधे बसल्या होत्या, सगळा वारा त्यांच्याच अंगावर आला. लुगडं घामानं पाठीला चिकटलं होतं. त्या हात टेकून उठल्या आणि वारा अडू नये म्हणून बाजूला, उन्हाच्या खिडकीकडं जाऊन बसल्या.